पाखरेवाडीचा ताप

गुंडा शिपायानं स्टुलावर चढून नकाशात लाल टाचणी खुपसली, आणि खाली बाकावर बसलेल्या कृष्णातच्या करंगळीत बारीक कळ उठली. टाचणी शिराळ्याच्या वरच्या अंगाला गेली, डोंगराच्या तपकिरी रंगात, जिथं गाव म्हणून मुंगीएवढा ठिपका होता तिथं. गुंडानं ती अंगठ्यानं दाबून बसवली, खाली उतरला आणि मान तिरकी करून लांबून बघितलं, नवरीला कुंकू लावून करवली बघते तसं. "पाखरेवाडी," साहेब म्हणाले. "रक्ताच्या एकतीस काचपट्ट्या पाठवल्या, एकतीसच्या एकतीस पॉझिटिव्ह. अख्ख्या नोकरीत मी असं बघितलं नाही." सांगलीच्या हिवताप कार्यालयात त्या सोमवारी वीस-बावीस माणसं बसली होती. सगळ्या माना कृष्णातकडं वळल्या, पाखरेवाडी त्याच्या फेरीतली. कुणाच्या तोंडावर कीव, कुणाच्या तोंडावर जळफळाट. कारण साहेबांचं गणित सोपं होतं, ज्या गावात रक्तात जंतू जास्त त्या गावाला फवारणी, गोळ्या, जीप, डॉक्टर. बाकीच्यांनी वाट बघायची. जीप एक. डॉक्टर एक. परवा बुधवारी ती जीप पाखरेवाडीला जाणार होती. कृष्णात हसला. अठरा वर्षं ह्या खात्यात तो हसण्यासाठीच ओळखला जायचा, त्यामुळं त्याला हसण्याशिवाय दुसरं काही करताच आलं नाही. पण हसताना दात वाजले. डिसेंबरातलं कोवळं ऊन खिडकीतून थेट त्याच्या मांडीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात त्याला कुडकुडायला होत होतं. परवाच्या शनिवारी असंच झालं होतं, त्याच्या आधी गुरुवारी. एक दिवस आड, वेळ लावून आल्यासारखं. हा कुठला ताप हे शेंबड्या पोराला कळलं असतं, आणि कृष्णातनं तर हजारो लोकांना त्याचं नाव सांगितलं होतं. फक्त तो आपल्या घरी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. टपालवाल्याला स्वतःची पत्रं कुठं येतात?

गोष्ट एवढीच होती, की ते रक्त त्याचं होतं. सगळं. पंधरा दिवसांपूर्वी तो पाखरेवाडीत चढून गेला तेव्हा वाडीत माणूस नव्हतं. शहात्तर साल ते. खाकी चड्डीतला, पिशवीवाला माणूस डोंगर चढताना दिसला की वाडीतले गडी कोयते-खुरपी टाकून जंगलात पळायचे. नसबंदीला धरून न्यायला आलेत म्हणून. आपण मलेरियावाले, आपल्याला नुसतं बोट लागतं, हे कृष्णातनं आधीच्या खेपेला ओरडून ओरडून सांगितलं होतं, तर झाडीतून कुणीतरी ओरडलं होतं, "आज बोट मागतूयास, उद्या काय मागशील रं?" ह्यावर त्याला स्वतःलाच हसू फुटलं होतं. ह्या खेपेला तर हसायलाही कुणी नव्हतं. उंबऱ्यावर एक बहिरी म्हातारी शेंगा फोडत बसली होती आणि बाकी वाडी म्हणजे नुसती दारं. भेटीची नोंद करायच्या भिंतीवरच्या चौकोनांत त्याच्याच सह्या, पंधरवड्यागणिक, एकाखाली एक. शनिवारपर्यंत एकतीस पट्ट्या द्यायच्याच होत्या. कमी भरल्या की मेमो. मग तो बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसला, यादी मांडीवर घेतली, सुई स्पिरिटात बुडवली आणि स्वतःचं पहिलं बोट टोचलं. ज्ञानू रामू पाखरे, वय पन्नास. दुसरं बोट. येसूबाई ज्ञानू पाखरे, वय बेचाळीस. सयाजी बाळू पाखरे. बिराप्पा धुळा पाखरे. दहा बोटं तीनदा झाली आणि शेवटच्या एकाला करंगळी पुन्हा लागली. ही लबाडी खात्यात नवी नव्हती, सगळेच अडीनडीला करायचे, पण एकतीस कुणी केल्या नव्हत्या. आणि त्याला त्यात मजा येत गेली, हे त्यानं पुढं कुणालाच सांगितलं नाही. नाव वाचायचं, थेंब काढायचा, आणि ते माणूस कसं असेल ते मनात धरायचं: ज्ञानू खोकणारा, येसूबाई तोंडाळ, सयाजी पलटणीतून रजेवर आलेला. तासाभरात त्याच्यात अख्खी वाडी राहायला आली. चुली पेटल्या, भांडणं झाली, कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारली. मग पट्ट्या डबीत भरल्या, डबीचं झाकण लागलं, आणि सगळी माणसं डबीत गेली. म्हातारी शेंगा फोडतच होती. अंग जरा कसनुसं झालं होतं, पण ते चढामुळं, असं त्याला वाटलं.

बैठक सुटल्यावर तो साहेबांच्या खोलीत गेला. तिथं मायक्रोस्कोपवर बसणारा मानसिंग होता, पलटणीत कंपाउंडरी करून आलेला, आणि गुंडा चहाचे कप गोळा करत होता. "साहेब," कृष्णात म्हणाला, "ते रक्त माझं हाय."

"कुठलं?"

"पाखरेवाडीचं. एकतीसच्या एकतीस. वाडीत कुणीसुदीक भेटलं न्हाई, म्हणून मी माझीच बोटं टोचली. ताप मला हाय. वाडी ठणठणीत हाय."

मानसिंगच्या नाकातून फुस्सकन हवा सुटली. "कोंबडी!" तो म्हणाला. गुंडाचे कप खडखडायला लागले. "साहेब, ह्याच्या नादाला लागू नगा. ह्यानं मला दोन दिस कोंबडीचं रगात मानसाचं म्हणून बघायला लावलं हुतं. मी पुस्तकं उलथीपालथी केली, मिरजंला कालेजात दावाय निघालू, तवा हे बेनं दारात हुबं ऱ्हाऊन आरवलं!" साहेबसुद्धा हसले. त्यांना तो दिवस आठवला असणार, ज्या दिवशी कृष्णातनं त्यांच्या बदलीची आवई उठवली होती आणि दोन गावचे सरपंच हार घेऊन आले होते.

"ह्या बारीला चेष्टा न्हाई, मानसिंग. तुज्या गळ्याशपथ."

"माझा गळा कशाला? तुजा न्हाई व्हय?"

"बोटं बघा की." त्यानं हात पुढं केले. पंधरा दिवसांत बोटं भरून आली होती. बोटांसारखी बोटं.

"अहो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरचा कागद नीट केला, "शनिवारीच पुण्याला आकडा गेला. फवारणी मंजूर, गोळ्या मंजूर. वर्षाचा आराखडा त्याच्यावर बसवलाय मी. आणि आज तुम्ही म्हणता रक्त तुमचं. उद्या म्हणाल डोंगर पण तुमचा."

"मग माझी पट्टी घ्या. आत्ता. हितं."

घेतली. मानसिंगनं हसत हसतच सुई मारली, पट्टी रंगवली, वाळवली, डोळा लावला, आणि हसायचा थांबला. "हाय की रं," तो म्हणाला. "ठासून हाय." कृष्णातला वाटलं, सुटलो. पण साहेबांनी चष्मा काढला आणि फार मायेनं म्हणाले, "बघा. वाडीत जाऊन जाऊन तुम्हालाही लागला." आणि गुंडा म्हणाला, "बत्तीस!" त्यानं टाचण्यांची डबी उघडली, स्टूल ओढलं, आणि मग थबकला. "हेंची कुठं खुपसू, साहेब? गाव कुठलं धरायचं?" प्रश्न अवघड होता. कृष्णातची भाड्याची खोली सांगलीत, खणभागात. बायको साताऱ्यात. आठवड्यातले पाच दिवस तो शिराळ्याकडच्या दवाखान्याच्या सामानखोलीत झोपायचा, फवारणीच्या पंपांच्या शेजारी. जन्म कराडकडं, तिथं आता कुणी नव्हतं. साहेबांनी नकाशाकडं बघितलं, कृष्णातकडं बघितलं. "राहू दे," ते म्हणाले. "एकानं काय फरक पडतोय."

"साहेब, खरा ताप कोप्यांत हाय," कृष्णात म्हणाला. आता हे तरी ऐकतील म्हणून. "पेठ नाक्याच्या अलीकडं, पाटाच्या कडंला. ऊसतोडीची टोळी पाचटाची खोपटं घालून उतरलीया. धा-बारा मानसं पडल्यात. मी तितं बसलो हुतो, तितंच डास चावलं."

"टोळी कुठली?"

"म्हसवडच्या पल्याडची."

"म्हणजे सातारा जिल्हा," साहेब म्हणाले. "त्यांची माणसं त्यांनी मोजायची. आपण मोजली तर दोनदा मोजल्यासारखं होईल. तुम्हाला कळत नाही का इतकं?" कळत होतं. साताऱ्याच्या कागदावर ती माणसं आपापल्या घरी होती, निरोगी. घराला कुलूप होतं तरी होती. सांगलीच्या कागदावर कोपीला घरनंबर नाही, भिंत नाही, भिंत नाही म्हणून चौकोन नाही, चौकोन नाही म्हणून ती नव्हतीच. मग त्यांचं रक्त कुणाच्या अंगातून वाहत होतं कोण जाणे. "चार गोळ्या घ्या, झोपा, आणि बुधवारी जीपला वाट दाखवायला तुम्हीच जा," साहेब म्हणाले. "डॉक्टर नवीन आहे."

गोळ्या घेऊन तो खोलीकडं चालत गेला. दुपारची वेळ, हळदीच्या वखारींसमोरून जाताना हवाच पिवळी होती. हमालांचे हात पिवळे, बैलांची तोंडं पिवळी, एक भिकारी बसला होता तोही पिवळा, आणि तापाच्या डोळ्यांनी कृष्णातला वाटलं की सगळं गाव लग्नाला निघालंय आणि त्यालाच तेवढं बोलावणं नाही. खोलीत जाऊन त्यानं दोन गोधड्या आणि फवारणीचा जुना डगला अंगावर घेतला. हिवतापाचं एक बरं असतं, तो वेळेवर येतो. आधी थंडी, हाडांच्या आतून, जणू कुणी हाडांतला गर काढून तिथं विहिरीचं पाणी भरलंय. मग आग. मग घाम, आणि घामानंतरची ती हलकी पोकळी, जिच्यात माणसाला आपल्या आईचं नाव आठवायला वेळ लागतो. त्याला वाटलं, लीलाला कार्ड टाकावं. कार्ड होतंही, उशाखाली. पेनही होतं. "सप्रेम नमस्कार. मला ताप येतो आहे" इतकं त्यानं लिहिलं आणि पुढं हात चालेना. लीला साताऱ्यात नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो दर शनिवारी एसटीनं जायचा, रात्र काढायचा, रविवारी परत. मग महिन्यानं. मग सणासुदीला. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर त्या निमित्तानं तरी गाठ पडली असती. सहा वर्षांपूर्वी त्याला एकदा फार एकटं वाटलं, आणि फार एकटं वाटलं की त्याला चेष्टा सुचायची, म्हणून त्यानं तार केली: कृष्णात गंभीर, ताबडतोब या. लीला दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं आली. शेजारच्या बाईला बरोबर घेऊन, हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून रुमालात बांधून, दवाखान्याला पैसे लागतील म्हणून. दार ढकललं तर कृष्णात खाटेवर मांडी घालून भडंग खात होता. "फसलीस!" तो म्हणाला होता. तोंडात कांदा होता. ती ओरडेल, रडेल, भडंगाचा पुडा त्याच्या डोक्यावर उलटा करेल आणि मग दोघं हसतील, असं त्यानं सगळं मनात रचून ठेवलं होतं. ती आत आली. माठातलं पाणी प्याली. रुमाल सोडला आणि एक-एक करून बांगड्या हातात चढवल्या, त्याच्याकडं न बघता. डाव्या हातातली एक चढेना, तिला थुंकी लावून चढवली. मग शेजारणीला म्हणाली, "चला, दोनची गाडी मिळेल." एवढंच. तेव्हापासून तिची पत्रं येतात, त्यात हवा-पाण्याचं असतं, शाळेतलं असतं. कसे आहात, असं नसतं. कृष्णातनं कार्डाचे चार तुकडे केले. त्याचा ताप खरा आहे हे जगात फक्त मानसिंगला माहीत होतं, आणि मानसिंग त्याला पाखरेवाडीचा ताप म्हणत होता.

घाम आला तेव्हा त्याला त्या कोप्या दिसायला लागल्या. महिन्याभरापूर्वी एसटी चुकली म्हणून तो नाक्यावरून चालत निघाला होता, आणि पाटाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या त्या कमानदार खोपटांची ओळ दिसली. दिवस बुडायला आला होता. एक बाई तीन दगडांवर भाकरी थापत होती. "आक्का, पाणी मिळंल का?" म्हणून तो टेकला तो टेकलाच. पाण्याबरोबर भाकरी आली, ठेचा आला. माणसं गोळा झाली. कृष्णातनं कोंबडीचा किस्सा सांगितला, आरवूनही दाखवलं, तर बाया तोंडाला पदर लावून आणि गडी मांड्यांवर थापा मारून हसले, इतके, की तो आणखी तीन किस्से बोलून गेला. सांगलीच्या कार्यालयात त्याच्यावर हसायचे, इथं त्याच्याबरोबर हसत होते. फरक त्याला तिथं बसल्यावर कळला. फक्त कोपीच्या आतून एक कण्हणं येत होतं. आक्काचा नवरा चार पोत्यांखाली कुडकुडत होता. भल्यामोठ्या मिशा, आणि मिशांखाली दातांची टकटक. "एक कोयता म्हंजी नवरा-बायकू," आक्कानं समजावलं होतं. "ह्येनं तोडायचा, म्या मोळी बांधायची. आता ह्यो पडलाय, तर मीच तोडती, मीच बांधती. अर्धा कोयता. मुकादम म्हनतोय, म्हैना-दीड म्हैन्यात उठला न्हाई तर गाडीत घालून गावाकडं लावून देतो. तितं तर प्यायाला पानी न्हाई, ह्यो जगायचा कसा? तुमची मालकीण कुटं असती?" साताऱ्याला, तो म्हणाला. "मग तुमी बी अर्धाच कोयता की वो," आक्का म्हणाली, आणि सगळे हसले, आणि तोही हसला. चार गोळ्या त्यानं मिशीवाल्याला दिल्या होत्या, पिशवीत तेवढ्याच होत्या. त्याच्या नावाची पट्टी घ्यावी म्हणून यादी काढली, तर यादीत ह्या जागी नुसता पाट होता. त्यानं यादी मिटली. पट्टी घेतली नाही. नावसुद्धा विचारलं नाही. डास मात्र घेतले, खूप.

बुधवारी सकाळी अंग हलकं होतं. गोळ्यांनी तापाची पाळी चुकवली होती. जीप निघाली, पुढं ड्रायव्हर हरिबा, शेजारी डॉक्टर, नागपूरकडचा, आठ दिवसांपूर्वी रुजू झालेला, मागं कृष्णात आणि एकतीस पुड्या, पाच-पाच दिवसांच्या. प्रत्येक पुडीवर नाव. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. उसाच्या गाड्या, गाड्यांखाली चिरडलेली पाचटं, गुऱ्हाळाचा गोडसर धूर. कृष्णातच्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं, असं तो पुढं स्वतःला सांगायचा. नाका जवळ आला आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. "हरिबा, डाव्या अंगाला घे. पाटाच्या वाटंनं."

हरिबानं आरशातून बघितलं. "वाडी डोंगरात हाय की रं."

"पेट्रोल वाचतंय का न्हाई?"

हरिबानं थोडा विचार केला. "वाचतंय," तो म्हणाला, आणि जीप वळली.

टोळी जेवणाला कोप्यांवर आली होती. खाकी बघून दोघं-तिघं उसात पळायला उठले, तेवढ्यात आक्का ओरडली, "आरं, त्यो कोंबडीवाला हाय!" आणि सगळे परत बसले. कृष्णातनं मुकादमाला बाजूला घेतलं, दोन वाक्यांत सांगितलं. मुकादमानं कान खाजवला. "नाव कुनाचं का आसंना, गोळी पोटात आमच्याच जानार न्हवं? कारखान्याच्या पुस्तकात तरी आमची नावं कुटं खरी लिवल्यात!" डॉक्टर खोपटांकडं बघत होता. "अहो कृष्णातराव, नकाशात तर डोंगर दिसून राहिला होता. हे गाव इतकं सपाट कसं?" "डोंगर पुढं हाय, डॉक्टर. लोकं कामाला खाली उतरल्यात," कृष्णात म्हणाला; आणि नवल असं की ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरनं यादी उघडली, कार्यालयानं नव्यानं केलेली, आधी गडी मग बाया. ज्ञानू रामू पाखरे? "हाय." सयाजी बाळू पाखरे? "हाय की." बिराप्पा धुळा पाखरे? एक पोरगेलासा गडी हनुवटी वर करून म्हणाला, "हाय!" त्यांना खेळ कळला होता, आणि दिवसभर उसाशिवाय दुसरं काही न बघणारी ती माणसं त्यात रंगली. फक्त कृष्णातनं एक गफलत केली होती. आजारी होते त्यांना आधी पुढं बसवलं, यादीचा क्रम बघितलाच नाही. आक्का नवऱ्याला बखोटीला धरून घेऊन आली, पोतं पांघरलेला, डोळे खोल गेलेले, मिशा मात्र तशाच, आणि डॉक्टरनं वाचलं, "येसूबाई ज्ञानू पाखरे, वय बेचाळीस?" मिशीवाल्यानं आक्काकडं बघितलं. आक्कानं कृष्णातकडं. कृष्णात म्हणाला, "नवसाचा हाय, डॉक्टर. आदीची जगत न्हवती, म्हणून आईनं बाईचं नाव ठेवलं. अजून मोडलं न्हाई." डॉक्टर मान हलवून म्हणाला, "आमच्याकडेही असतं असं," आणि मिशीवाला फाटक्या आवाजात म्हणाला, "हाय." कोप्यांमागं कुणीतरी हसू आवरताना ठसका लागून खोकत होतं. एकतीस पुड्या संपल्या. कृष्णातसाठी पुडी नव्हती. त्याच्या रक्तावर आलेली सगळी औषधं वाटून झाली होती. डॉक्टर जाताना बजावून गेला, "रोज एक, आपल्या हातानं खाऊ घाला. पाचवी चुकली तर ताप उलटतो. मग हा माणूस राहील की नाही सांगता येत नाही." त्याचं बोट मिशीवाल्याकडं होतं.

म्हणून पुड्या कृष्णातनं परत गोळा करून स्वतःजवळ ठेवल्या आणि तो रोज दुपारी फडावर जायला लागला. नाव घ्यायचं, गोळी द्यायची, तोंड उघडून दाखवायला लावायचं. चौथ्या दिवशी, शनिवारी, मिशीवाला पोतं न घेता बसला होता आणि त्यानं भाकरी मागितली. आक्कानं कृष्णातच्या थाळीत दुसरी भाकरी टाकली. त्या दिवशी तो पट्ट्या घेऊन सांगलीला गेलाच नाही. मेमो येईल तर येऊ दे. दवाखान्याच्या सामानखोलीत, पंपांच्या शेजारी पडल्या पडल्या त्याला वाटलं, सहा वर्षांत आपण काही सांगितलं आणि कुणी ते धरून चाललं, असं हे पहिल्यांदाच. आणि तेही खोटं सांगितल्यावर. रविवारी तो पाटावर पोचला तर कोप्या नव्हत्या. जमिनीवर पाचटाचे गोल डाग, तीन-तीन काळे दगड, एक फुटकी परडी. शेजारचा फड संपला होता, रात्रीतून टोळी हलली होती. कारखान्याची चिठ्ठी जिकडं नेईल तिकडं जायचं, त्याला सांगून जायचं कशाला? त्याच्या पिशवीत एकतीस शेवटच्या गोळ्या होत्या.

तो चालायला लागला. गाडीवाटेवर चाकांच्या चाकोऱ्या होत्या, पण सगळ्याच वाटांवर चाकोऱ्या होत्या. पाण्याच्या मोटरीपाशी एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं, "टोळी गेली का हिकडनं?" "लय टोळ्या जात्यात. कुनाची टोळी?" आणि कृष्णात आठवायला लागला. मुकादमाचं नाव? माहीत नाही. आक्काचं? आक्का. मिशीवाल्याचं? गाव तरी? म्हसवडच्या पल्याड, पल्याड म्हणजे अर्धा तालुका. अठरा वर्षं त्यानं माणसांची नावं लिहिली होती, वय, घरनंबर, आणि ज्यांच्या ताटात चार दिवस जेवला त्यांचं एकही खरं नाव त्याला येत नव्हतं. म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुनी नात्यातलं हाय का?" "न्हाई," कृष्णात म्हणाला. दुपार चढत गेली. पाठीतून थंडीची पहिली रेघ वर सरकली. चार गोळ्यांनी दबलेला त्याचा स्वतःचा ताप आठवडा उलटायच्या आत पुन्हा वर येत होता. दोन्ही बाजूंनी ऊस, डोक्याच्या वर हात दीड हात, आणि वाऱ्यानं पात्यावर पातं घासून एकच आवाज, सगळीकडून सारखा. उसात माणूस दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही. कुठंतरी कोयत्यांचा खच्‌ खच्‌ येत होता, पण एका बाजूनं येतोय म्हणावं तर दुसऱ्या बाजूनं यायचा. तो बांधावर चढला. हाक मारायला तोंड उघडलं आणि कळेना, कुणाला मारायची. मग त्यानं पिशवीतून यादी काढली.

"ज्ञानू रामू पाखरेऽऽ!"

ऊस सळसळला. काही नाही. त्याचं त्यालाच हसू आलं, पण दात वाजत होते. पुढचा बांध. "सयाजी बाळू पाखरेऽऽ!" एक टिटवी ओरडत उडाली. तिसऱ्या बांधावर एका परक्या फडातून एक परका माणूस डोकं काढून म्हणाला, "हितं कोन पाखरे न्हाईत, पावनं," आणि आत गेला. चौथा बांध. पाचवा. पाय उचलेनात. समोरच्या फडात कोयते चालले होते, कुणाचे कोण जाणे. कृष्णातनं यादी डोळ्यांजवळ धरली, कागद थरथरत होता, अक्षरं एकात एक जात होती, जे नाव हाती लागलं ते त्यानं घेतलं. "येसूबाई ज्ञानू पाखरेऽऽ! वय बेचाळीऽऽस!"

कोयते थांबले. आतून एका बाईचं हसणं फुटलं, दाबलेलं, आणि कुणीतरी "बोल की रं" म्हणालं. मग उसाच्या खूप आतून, जाड, खणखणीत, कुठलाही ताप नसलेला गड्याचा आवाज आला.

"हाऽऽय!"

कृष्णात बांधावरच खाली बसला. थंडी आता खांद्यांपर्यंत आली होती. समोर माणूस दिसत नव्हतं, फक्त पाती हलत होती, त्याच्या दिशेनं. त्यानं घसा साफ केला, यादीवर बोट ठेवलं, आणि पुढचं नाव घेतलं.